आडवी बाटली आणि हूक नॉर्टनचा मनोरा

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ला दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. ती यावी म्हणून चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेलेल्या बायांमध्ये माझी आत्या होती. त्यामुळे इथे इंग्लंडमध्ये बॅनबरीजवळच्या हूक नॉर्टन गावातली ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, मी बघून आलो, हे तिला फोनवर सांगताना मला बराच वेळ शब्द जुळवावे लागले.

ही ब्रुअरी १८४९ सालची. आजची सहा मजली मनोऱ्यासारखी इमारत १९००च्या सुमाराची, आणि १८९९चं वाफेचं इंजिन अजून जागेवर आहे. पाणी आणि धान्य एकदा वर चढवायचं. पुढे काम होईल तसं ते एकेक मजला आपल्याच वजनाने खाली उतरतं. मोड आणून वाळवलेले जव वर भरडतात आणि मॅश टन नावाच्या मोठ्या पिंपात साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तास-दीड तास ठेवतात. झाकण उघडलं आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. आत्या बाळंतिणीच्या घरी नाचणीला मोड आणून सत्त्व करते, अगदी तोच वास. निथळलेला गोड रस तांब्याच्या हंड्यात हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळतात. शंभर वर्षांपूर्वी तो पसरट उघड्या भांड्यात, झडपांमधून येणाऱ्या वाऱ्यावर निवत असे. मग त्यात यीस्ट पडतं. वर चढलेला फेस काढून त्यातला थोडा पुढच्या घाण्यासाठी राखून ठेवायचा, विरजणासारखा. चोथा गुरांना.

या सगळ्यावर सरकारची नजर होती. १८८०पासून आंबवण्याआधीच्या रसाची घनता मोजून अबकारी कर ठरायचा. धान्य किती घेतलं, कधी भिजवलं, हे ब्रुअरीवाल्याला वहीत लिहावं लागे. पण कर मोजणं म्हणजे पिणाऱ्याच्या जिवाची काळजी घेणं नव्हे. १९०० मध्ये मँचेस्टर-सॅलफर्ड भागात लोकांचे हातपाय लुळे पडू लागले. डॉक्टर आधी म्हणाले, दारुड्यांचा नेहमीचा आजार. खरं कारण नंतर कळलं. जवाच्या जोडीला स्वस्त साखर वापरली जात होती आणि ती बनवताना लागणाऱ्या गंधकाम्लात आर्सेनिक होतं. सहा हजारांवर माणसं आजारी पडली, सत्तरेक दगावली. लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि बिअरसकट सगळ्या अन्नपदार्थांत आर्सेनिक किती चालेल, याची मर्यादा त्याने सुचवली.

२०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा नागपुरात नोकरीला होतो. डबा खाताना आजूबाजूला एकच वाक्य ऐकलं: पितात कशाला? सॅलफर्डच्या डॉक्टरांनीही आधी हेच मनात धरलं होतं.

आपल्याकडचा वाद बंदी की परवाना, याच्या पुढे सरकत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही एकीकडे शेतकऱ्याची द्राक्षं, दुसरीकडे संस्कृती, एवढंच. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोहाची दारू गाळणारा आमच्याकडचा आदिवासी मात्र आजही पोलिसांना पाहून पळतो. त्याच्या मडक्यात काय आहे हे कोणी तपासत नाही, मडकंच फोडतात.

इंग्लंडने दारूचं कौतुक केलं म्हणून इथे सगळं ठीक झालं, असं मी म्हणत नाही. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज म्हणाले होते की आपण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि दारू यांच्याशी लढतो आहोत, आणि त्यातला सगळ्यात मोठा शत्रू दारूच. तरी बंदी आली नाही. पबच्या वेळा कापल्या गेल्या आणि १९१६ मध्ये, ग्रेटनाच्या दारूगोळा कारखान्यापासून जवळच्या कार्लाईल भागातल्या ब्रुअऱ्या आणि पब सरकारने विकत घेतले. पब चालवणारा पगारी माणूस. बिअर जास्त खपली म्हणून त्याच्या खिशात काही जास्त पडत नसे. जेवणाच्या विक्रीला मात्र उत्तेजन होतं. ही व्यवस्था १९७०च्या दशकापर्यंत टिकली.

आत्याला मी हे सांगितलं आणि म्हणालो, मोहाची दारू तपासून, ठरलेल्या वेळेत, गावातल्या बचत गटाने विकली तर?

"अन् पिऊन घरी कोण येईल? त्याच बायांचे नवरे," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात उद्या मतदान लागलं तर मी आडवी बाटलीच करीन." म्हणजे मत बंदीलाच.

तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. म्हणूनच कार्लाईलचा तो पगारी माणूस मला सोडवत नाही. बचत गट नको तर नको, पण विकणाऱ्याला खपावर पैसे मिळता कामा नयेत. एवढं मान्य असेल तर विचार करू, असं आत्याही शेवटी म्हणाली, आणि पगार कोण देणार ते विचारून ठेव म्हणाली.