सावली बघ, सावली!

आज दुपारी भाच्याला 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' दाखवायला बसवलं. १९८८ चा सिनेमा, खऱ्या माणसांबरोबर हाताने काढलेली कार्टून वावरतात असा. वीस मिनिटं होत नाहीत तोच म्हणाला, "मावशी, यात काय एवढं? हे आता मोबाइलवर होतं." डोकंच फिरलं माझं. लॅपटॉप बंद केला आणि इथे लिहायला बसले.

काय होतं मोबाइलवर?

आमचा मामा मिरजेत पाट्या रंगवायचा. एका दिवाळीत भाड्याने व्हीसीआर आणला होता, रात्रभरात चार पिक्चर. हा लागला तेव्हा पहाट होत आलेली, निम्मी पोरं झोपलेली, इंग्रजी तर कुणालाच कळत नव्हतं. डिटेक्टिव्ह आणि ससा एकाच बेडीत अडकलेत, बेडी कापायची खटपट चाललीय, आणि टांगलेल्या दिव्याला धक्का लागून तो झुलायला लागतो. मामा ताडकन उठला. रिवाइंड. "सावली बघ, सावली!" परत रिवाइंड. पाच वेळा.

खोलीतला उजेड खरा, तो आपोआप हलला. पण सशाच्या अंगावरचा? तो कुणीतरी काढलाय. सेकंदाला चोवीस चित्रं आणि प्रत्येकात उजेड थोडा सरकलेला! दिवा स्थिर ठेवला असता तर कुणी विचारलंही नसतं. अॅनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्सच्या माणसांनी तरीही ते केलं. आणि डिटेक्टिव्ह झालेला तो बॉब हॉस्किन्स! समोर ससा नाहीच. सशाला आवाज देणारा चार्ल्स फ्लायशर सशाचा पोशाख घालून कॅमेऱ्याबाहेरून संवाद बोलतोय, आणि हा रिकाम्या हवेकडे असा बघतो की आपल्याला तिथे ससा दिसतो.

मामाला ते दिसलं, कारण त्याचा जन्म अक्षरांना शॅडो मारण्यात गेला. उजेड डावीकडून वरून धरला की शॅडो उजवीकडे खाली. एका अक्षराची चुकली तर अख्खी पाटी खोटी दिसते, म्हणायचा.

खऱ्या माणसाशेजारी चित्र उभं करायचं हे वेड जुनंच आहे. १९१४ मध्ये व्यंगचित्रकार विन्सर मॅके स्टेजवर उभा राहून पडद्यावरच्या गर्टी नावाच्या डायनासोरला हुकूम सोडायचा, आणि शेवटी स्वतःच चित्र होऊन तिच्या पाठीवर बसून जायचा. १९४५ च्या 'अँकर्स अवे'मध्ये नट-नर्तक जीन केलीबरोबर जेरी उंदीर नाचतो, तेव्हा फरशीकडे बघा. गुळगुळीत फरशीत जेरीचंही प्रतिबिंब आहे. एवढ्याशा उंदराचं!

हो, कॉम्प्युटरवरही जीव ओतून काम करणारी माणसं आहेत, मान्य. रॉजर रॅबिट अगदी लहान मुलांना दाखवू नये हेही मान्य. त्या बिचाऱ्या जिवंत कार्टून बुटाला कार्टून विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवतात, ते बघून मी कितीतरी रात्री आईजवळ झोपले होते.

एवढं लिहीपर्यंत भाचा येऊन शेजारी बसला. वाचलं त्याने. म्हणाला, "पण दिव्याचा सीन मी बघितलाच नाही." खरंच की. तो यायच्या आतच मी लॅपटॉप बंद केला होता. पोरावर उगीच चिडले.

मग दोघांनी मिळून मामाला फोन लावला. फ्लेक्स आल्यापासून ब्रश बंदच आहे त्याचा, आता हातही थरथरतो. विचारलं, दिव्याचा सीन आठवतो का? थोडा वेळ गप्प होता.

"दिवा तिकडं गेला की सशाची सावली इकडं," म्हणाला. "पोराला बारीक बघायला सांग."