मेथीतलं डायोस्जेनिन: फॉरवर्ड करण्याआधी थोडी आकडेमोड

थंडी पडली की मेथीच्या लाडवांबरोबर एक मेसेजही घरोघरी फिरतो. मेथीत डायोस्जेनिन नावाचं नैसर्गिक स्टेरॉइड असतं, त्याने कॅन्सरच्या पेशी मरतात, गुडघ्यातली कूर्चा वाचते. तेव्हा रोज सकाळी दोन चमचे मेथी घ्या. पहिली तिन्ही विधानं प्रयोगशाळेपुरती बरोबर आहेत. तिथून दोन चमच्यांवर मारलेली उडी मात्र साफ चुकीची आहे.

मुळात मेथीदाण्यात मोकळं डायोस्जेनिन जवळपास नसतंच. ते साखरेच्या रेणूंना जखडलेलं, सॅपोनिनच्या रूपात असतं. प्रयोगशाळेत ते सोडवायला बरेच कष्ट पडतात. दाणे दळायचे, पेट्रोलियम इथरने आधी तेल काढून टाकायचं, मग २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात दोन-तीन तास उकळत ठेवायचं. उरलेला गाळ आम्ल जाईपर्यंत धुवायचा, वाळवायचा आणि हेक्झेनने डायोस्जेनिन ओढून घ्यायचं. आम्ल कमी पडलं तर साखर सुटत नाही. आम्ल जास्त झालं किंवा वेळ लांबला तर डायोस्जेनिनमधून पाण्याचा रेणू निघून जातो, स्पायरोस्टाडाइन नावाचं दुसरंच संयुग तयार होतं आणि उतारा घसरतो. तेल नीट काढलं नसेल तर तेही हेक्झेनबरोबर येतं, आणि नुसत्या वजनावर विसंबणाऱ्याला आकडा फुगलेला मिळतो. भरीला यामोजेनिन नावाचं जुळं भावंड सोबत येतं; एका कार्बनवरची मांडणी तेवढी उलटी, त्यामुळे एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, दोघांची शिखरं एकमेकांवर चढतात. शिवाय हा रेणू अतिनील प्रकाश जेमतेम शोषतो, म्हणून २०५ नॅनोमीटरच्या आसपास मोजावं लागतं. तिथे मिथेनॉल स्वतःच प्रकाश शोषतं, म्हणून ॲसिटोनायट्राइल वापरायचं. एवढं सगळं करून हाती येतं ते दाण्याच्या वजनाच्या साधारण ०.१ ते ०.९ टक्के.

‘पोटातही आम्ल असतंच की,’ असं कुणीतरी म्हणणारच. असतं, पण ते सदतीस अंशांवर, प्रयोगशाळेतल्या आम्लाच्या मानाने खूपच सौम्य, आणि दोनेक तासांत अन्न पुढे सरकतंही. आतड्यातले जंतू थोडीफार साखर तोडतात. तरीही सुटलेलं डायोस्जेनिन पाण्यात विरघळत नाही आणि रक्तात फार थोडं पोहोचतं.

आता कॅन्सरकडे. २००४ साली आलेल्या एका अभ्यासात आतड्याचा कर्करोग घडवणारं रसायन टोचलेल्या उंदरांच्या खाद्यात ०.१ टक्के डायोस्जेनिन मिसळलं होतं, आणि कर्करोगाच्या आधी दिसणाऱ्या खुणा कमी झाल्या. काम चांगलं आहे, वाद नाही. पण हिशेब करा. ३०० ग्रॅमचा उंदीर दिवसाला १५ ग्रॅम खातो असं धरलं तर पोटात १५ मिलिग्रॅम जातं, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम. उंदराच्या मात्रेवरून माणसाची मात्रा काढताना साधारण ६.२ ने भागतात; आले ८ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ४८० मिलिग्रॅम. मेथीत अर्धा टक्का धरला तर ९६ ग्रॅम दाणे, तेही सगळं डायोस्जेनिन सुटून आलं असं मानून. चमचाभर मेथी चारेक ग्रॅम भरते. रोज चोवीस चमचे कोण खाणार, आणि खाल्ले तर पोटाचं काय होईल ते सांगायला नको.

पेशींवरच्या प्रयोगांचं गणित याहून अवघड आहे. तिथे बऱ्याचदा ४० मायक्रोमोलर मात्रा असते. रेणुभार ४१४.६, म्हणजे लिटरला सुमारे १६.६ मिलिग्रॅम. ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून थेट पेशींवर ओततात. मध्ये आतडं नाही, यकृत नाही.

सांध्यांची गोष्ट जास्त रंजक आहे. झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये, माणसाच्या कूर्चेच्या पेशींना इंटरल्युकिन-१ बीटा या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाने चिथवलं की एमएमपी-३ आणि एमएमपी-१३ ही कूर्चा कुरतडणारी एन्झाइम वाढतात. डायोस्जेनिनने ती घटली, सूज आणणारं कॉक्स-२ हे एन्झाइमही घटलं. पण आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडच्या, रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशींवर तेच डायोस्जेनिन घातलं तेव्हा कॉक्स-२ वाढलं आणि पेशी मेल्या. सांधा म्हटला तरी पेशी बदलली की परिणामाची दिशा बदलते. ‘सूज कमी करतं’ एवढ्या तीन शब्दांत हे कसं बसवायचं?

खरं तर या रेणूने सांधेदुखीवर उपकार केलेत, आणि तेही मोठे; फक्त कारखान्यातून जाऊन. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या, डायोस्जेनिन असलेल्या रानटी कंदाच्या सुमारे १० टन मुळांपासून ३ किलो प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवलं. १९४४ मध्ये तिथे हार्मोन बनवणारी सिन्टेक्स कंपनी उभी राहिली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड दिलं गेलं आणि मागणी उसळली, पण ते बैलाच्या पित्तापासून तीसहून जास्त पायऱ्यांनी बनायचं. १९५२ मध्ये अपजॉन या औषध कंपनीच्या संशोधकांनी ऱ्हायझोपस बुरशीकडून प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवून घेतला, आणि कंदापासून कॉर्टिसोनचा रस्ता सोपा झाला. त्याच घराण्यातलं प्रेडनिसोलोन आजही रक्ताच्या काही कर्करोगांवर देतात. (आपल्याकडे याच उद्योगापायी हिमालयातला डायोस्कोरिया डेल्टॉइडिया हा कंद ओरबाडला गेला, आता त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या दुर्मीळ जीवांच्या व्यापाराबाबतच्या कराराचं नियंत्रण आहे. कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या पेवाच्या कंदातही डायोस्जेनिन असतं, पण म्हणून तो खणून उकळायला जाऊ नका.)

डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन करणारं एन्झाइम आपल्या शरीरात नाही. ‘वाइल्ड याम’ (रानटी कंद) क्रीम लावल्याने हार्मोन वाढतं हा दावा तिथेच बाद. डबीवर ‘५० टक्के सॅपोनिन’ लिहिलंय म्हणजे ५० टक्के डायोस्जेनिन आहे असंही नाही.

मेथी जरूर खा, जेवणातली. भिजवलेल्या मेथीने जेवणानंतरची साखर थोडी ताब्यात राहते, ते मुख्यतः तिच्या बुळबुळीत तंतूमुळे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रोजचं प्रमाण डॉक्टरांच्या कानावर घाला. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर जपून. गरोदरपणात औषधासारख्या मात्रेत नको. केमो चालू असेल तर कुठलीही अर्काची कॅप्सूल ऑन्कॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय नको, आणि तिच्या भरवशावर केमोची तारीख पुढे ढकलणं तर मुळीच नको.

‘वनस्पतीजन्य स्टेरॉइड, साइड इफेक्ट नाही’ म्हणून सुट्या पुड्या विकणाऱ्यांपासून विशेष सावध राहा. डायोस्जेनिनला प्रेडनिसोलोनसारखा गुण नाही. पुडीने दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, भूक वाढली, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल दिसू लागला, साखर किंवा बीपी चढलं, तर त्यात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन हे तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. असे प्रकार पकडले गेले आहेत. अशी पुडी बरेच आठवडे पोटात गेली असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवणं कमी करतात. अचानक तोडलं तर बीपी कोसळू शकतं, उलट्या होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन लगेच फिजिशियनकडे जा, किती दिवस घेतल्या ते सांगा, सकाळचं कॉर्टिसोल तपासून घ्या आणि मात्रा कशी उतरवायची ते त्यांना ठरवू द्या.