मैत्री फक्त गोळीबारातच जुळते?

'जवानांची मैत्री गोळीबारातच पक्की होते' हे तुमच्या २६ जुलैच्या, कारगिल विजय दिनाच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीत नवी मुंबईतल्या घणसोलीचा एक आगरी दोस्त मला लाभला तो सियाचीनला, आणि तिथे आमच्यावर एकही गोळी आली नाही. १९८४ पासून त्या हिमनदीवर शत्रूपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेनेच जास्त माणसं नेली. गस्तीला सगळे एका दोराने बांधलेले. पुढचा बर्फाच्या भेगेत गेला तर मागच्यांनी आइस अ‍ॅक्स रोवून त्याला तोलायचं. माझ्या मागे बहुतेक वेळा हाच असायचा. पण खरी गट्टी जमली ती झोपडीत, रॉकेलच्या स्टोव्हपाशी, थुंकी काळी पडेपर्यंत काजळी खाताना. अंडी दगडासारखी गोठलेली आणि हा पठ्ठ्या ओल्या बोंबलाच्या कालवणाची कृती सांगतोय, तीही तिखटमिठाच्या मापासकट!

निवृत्तीनंतर तो तिथल्याच महापेला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होता. हार्ट अटॅकने गेला. शहीद नाही, म्हणून २६ जुलैच्या लेखांत असे लोक येत नाहीत, तुमच्याही नाहीत. स्मशानात पलटणीचे जमलो तेवढ्यांनी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आमची युद्धघोषणा दिली, तर सोसायटीतले चक्रावलेच. हा फौजी होता हे अर्ध्यांना ठाऊक नव्हतं. वहिनींच्या फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन आता आम्हीच ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो. त्यावरही लिहा कधीतरी.