दोन केबल बघायला बोनेट उघडत का नाही तुम्ही?

"क्लच प्लेट गेली, ताई." गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं नाही, गाडीखाली वाकून पाहिलं नाही, गिअरची दांडी एकदा हलवली आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकतीच संपली असा निकाल दिला. आठवडा झाला, माझा संताप अजून उतरलेला नाही. दहा हजार तीनशे रुपये गेले, आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख गेली, पाच दिवस गाडी उभी राहिली. आणि बिघाड काय होता? गिअरची एक केबल. करंगळीएवढी जाड, दोन पान्यांनी आणि एका पकडीने बदलता येणारी केबल.

अमळनेरहून सकाळी सातला निघालो होतो, आई आणि मी. ऊन चढायच्या आत जळगाव गाठायचं, कारण मे महिन्यात अकरानंतर आमच्याकडे रस्त्यावर थांबणं म्हणजे जीवाशी खेळ. पाळधी मागे टाकली, विद्यापीठाची टेकडी दिसायला लागली, पुढे केळीचा ट्रक होता. तिसऱ्यावर त्याला ओव्हरटेक केलं आणि चौथा टाकायला दांडी मागे ओढली. हाताला काहीच लागलं नाही. वरणात पळी फिरावी तशी दांडी मागेपुढे फिरत होती. गाडी मात्र तिसऱ्यातच अडकलेली. क्लच दाबून, हळूहळू कडेला घेऊन बांभोरीच्या गिरणा पुलाच्या अलीकडे थांबवली. आई मागच्या सीटवर डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसलेली, आणि बाजूने ट्रक असे जात होते की गाडी हलत होती.

मी मेकॅनिक नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पण बारा वर्षं गाडी चालवते आणि ही गाडी घेतल्यापासून माझ्याच हातात आहे. त्यामुळे तिथेच तीन गोष्टी करून पाहिल्या. इंजिन बंद करून दांडी हलवली: मागेपुढे पूर्ण सैल, पण डावी-उजवीकडे नेली की स्प्रिंगने परत मधे येत होती. क्लचचं पॅडल नेहमीसारखंच, ना सैल, ना जड. मग इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, क्लच हळूच सोडला, तर इंजिन धक्का देऊन बंद पडलं. प्लेट संपली असती तर इंजिन नुसतं घुमत राहिलं असतं. याचा अर्थ सरळ आहे. प्लेट पकडते आहे, गिअरबॉक्सला गिअर पडलेला आहे, फक्त दांडीचा हुकूम तिथपर्यंत पोहोचत नाहीये. आणि समोरच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो हुकूम दोन केबलींवरून जातो. एक दांडीची डावी-उजवी चाल नेते, दुसरी मागे-पुढची. माझी दुसरी गेली होती.

हे सगळं मी तिथे पुलाजवळ आलेल्या त्या गॅरेजवाल्याला सांगितलं. शब्दन् शब्द सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, गाडी तुम्हीच चालवता का?" हो म्हटल्यावर, "मग क्लचवर पाय ठेवून चालवत असाल, लेडीजना सवय असते." आणि मग माझ्यासमोर माझ्या भावाचा नंबर मागितला! गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या पगारातून गेले, बिल मी देणार, आणि खर्चाला होकार कोणाचा, तर धुळ्यात ऑफिसात बसलेल्या माझ्या भावाचा. "तुम्ही आईला घेऊन सावलीत बसा" म्हणाला. आईसाठी बसले. तिथे उठून गाडीसमोर उभी राहायला हवी होती.

पुढे जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. त्याच्या पोराने ती गाडी तिसऱ्या गिअरमध्येच, हाफ क्लचवर, रेटून गॅरेजला नेली. तिसऱ्यावर उभ्या गाडीला उचलायचं म्हणजे प्लेट घासूनच उचलावी लागते. पूल, चढ, सिग्नल, प्रत्येक ठिकाणी तेच. आम्ही रिक्षाने मागून पोहोचलो तेव्हा जळकट वास येत होता. मालकाने मला बोलावून म्हटलं, "बघा, वास येतोय ना? प्लेट जळाली." अरे, तू जाळलीस! सकाळी सातपासून ती गाडी मी चालवत होते, कुठलाही वास नव्हता. आधी स्वतः जाळायची आणि मग तोच वास पुरावा म्हणून दाखवायचा, याला दुरुस्ती म्हणतात का?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, गाडी तयार. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मिळून सहा हजार आठशे, गिअरबॉक्स उतरवून चढवायचे साडेतीन हजार. पैसे आधी ऑनलाइन घेतले. बसने जळगावला गेले, गाडीत बसले, दांडी धरली. तशीच सैल. तीच पळी, तेच वरण. आता फरक एवढाच की गाडी तिसऱ्याऐवजी न्यूट्रलमध्ये अडकलेली. मालकाने चेहरा जराही न बदलता सांगितलं, "मग गिअरबॉक्समधलेच दात गेले असतील, खोलावा लागेल, पंधरा-सोळा हजार धरा."

एक लक्षात घ्या. गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर आधी दोन्ही केबली काढाव्याच लागतात. त्याशिवाय तो उतरतच नाही. म्हणजे ती तुटलेली केबल त्यांनी हातात घेतली, बाजूला केली आणि चढवताना परत जशीच्या तशी अडकवली. दिसली नाही असं म्हणत असतील तर त्यांनी हा धंदा करू नये. दिसली आणि बोलले नाहीत, तर तो उघड उघड दरोडा आहे.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने पाळधीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा, आबांचा, नंबर दिला. आयुष्यभर काळी-पिवळी जीपगाड्या दुरुस्त केलेला माणूस. मोपेडवर आले, कोणाशी वाद घातला नाही, बोनेट उघडलं. मला अहिराणीत म्हणाले, "ताई, तू फक्त दांडी हालाव, मी आठे देखस." मी मागेपुढे केलं. त्यांनी गिअरबॉक्सवरच्या लोखंडी हाताकडे, म्हणजे केबल ज्याला ओढते-ढकलते त्या पट्टीकडे, बोट केलं, तो हलतच नव्हता. मग मला बोलावून केबलच्या टोकाची रबरी टोपी मागे सरकवली. आतली पोलादी तार खराट्यासारखी पिंजारलेली. बहुतेक तंतू गंजून तांबूस झालेले आणि तीन-चार अगदी चकचकीत, ताजे तुटलेले. "हाई देख, तारच तुटेल शे. गिअरबॉक्सले काहीच व्हयेल नही." सगळं मिळून पाच मिनिटं.

त्या तांबूस तंतूंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. ते एका दिवसात तुटलेले नव्हते. टोपी फाटली की पावसाळ्यात पाणी आत जातं, नंतर धूळ, मग उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने आतलं ग्रीस सुकतं, आणि तार घासून घासून एकेक तंतू सोडते. महिनाभर आधीच मला दांडी ढिली लागत होती, तिसरा नीट बसत नव्हता. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा ते कागदावर लिहून दिलं होतं. उत्तर काय? "गिअर ऑइल बदललंय मॅडम, आता स्मूथ होईल." टोपी फाटलेली आहे हे बघायला तिथेही कोणाला वाकावंसं वाटलं नाही. बिलात मात्र तपासणीचे पैसे लावले होते.

आबांनी पकडीने तो लोखंडी हात ढकलून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पाळधीपर्यंत दुसऱ्यावरच नेली, क्लच एकदाही फार न घासता. मग केबलची शोधाशोध. एकाने डिझेल गाडीची दिली, वीतभर लांब निघाली. चेसिस नंबरवरून बघून द्या म्हणून मी दोन दुकानांत ओरडून आले. शेवटी दोन्ही केबलींचा सेट मिळाला, दोन हजार सहाशे पन्नास. एकटी देत नाहीत.

बदलताना मी शेजारी उभी होते, मुद्दाम. बॅटरी काढली, तिचा ट्रे काढला, एअर फिल्टरचा डबा बाजूला केला, की खाली गिअरबॉक्स आणि केबलींची टोकं समोर. आतून दांडीभोवतीचं कन्सोल खोललं, लॉक ओढून केबली सोडवल्या. नवीन घालताना आबांनी दोन गोष्टींवर वेळ घालवला. केबलला कुठेही तीव्र वळण पडू दिलं नाही आणि सायलेन्सरच्या पाइपापासून ती लांब बांधली. आणि इंजिनकडून आत येण्याच्या भोकातलं रबर बोटाने चारी बाजूंनी दाबून बसवलं, "नाही तर पहिल्या पावसात पाणी पायाशी येतं." कन्सोल लावायच्या आधी पाचही गिअर आणि रिव्हर्स मला टाकून बघायला लावले, इंजिन बंद असताना आणि सुरू असताना. मला! माझ्या भावाला फोन नाही केला. तीन तास काम, मजुरी आठशे. मी हजार दिले तर दोनशे परत केले.

आठशे रुपये घेणारा माणूस वाकून बघतो आणि दहा हजार घेणारा बघत नाही. हे मला सहन होत नाही. खानदेशात महामार्गावर ठिकठिकाणी गॅरेज आहेत आणि रस्त्यात अडकलेल्या माणसाकडे निवड नसते हे त्या प्रत्येकाला माहीत आहे. सोबत आजारी आई असेल, ऊन चढत असेल, चालवणारी बाई असेल, तर आकडा आणखी वाढतो. दांडी अशी सैल पडली आणि कोणीही क्लचचा आकडा सांगितला तर आधी बोनेट उघडायला लावा, एकाला दांडी हलवायला सांगा आणि तो लोखंडी हात हलतो का ते स्वतः बघा. नाही म्हणाला तर गाडी तिथे ठेवू नका, ओढून न्यायला लागली तरी चालेल.

मी गॅरेजवाल्याकडून जुनी प्लेट मागून घेतली होती. एका बाजूला जळाल्याचा काळा-निळा डाग आहे, पण अस्तराची जाडी अजून भरपूर आहे. आबांनी नखाने दाखवली, रिव्हेट कितीतरी आत आहेत. आईला आता पुढच्या बुधवारची तारीख मिळाली आहे. जाताना त्या गॅरेजवर थांबणार आहे. प्लेट आणि तुटलेली केबल, दोन्ही डिकीत ठेवल्यात, आणि या वेळी सावलीत बसणार नाही.