शतकासाठी खेळला? बरं, मग?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळं आज लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना रील्स बघायच्यात त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

आमचा जुन्या पार्कवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नव्वदच्या दशकात दर रविवारी सोलापूरच्या पार्क मैदानावर पडीक असायचो, ती सगळी मंडळी. आता त्यात खेळाडू कमी आणि गुडघ्याचे पेशंट जास्त. कुणीतरी आपल्या पोरालाही त्यात घेतलंय. त्या पोरानं आज आंतरराष्ट्रीय शतकांची यादी टाकली. सचिन १००, खाली ऐंशी पार केलेला विराट, मग पाँटिंग ७१, संगकारा ६३, कॅलिस ६२. इथपर्यंत ठीक. पण सचिनच्या नावापुढं लाल अक्षरांत लिहिलंय, ‘यातली टीमसाठी किती आणि स्वतःसाठी किती?’ शेजारी मिरपूरचा फोटो आणि ते हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारं तोंड. आणि आमच्याच वयाच्या दोघांनी त्याला अंगठा दिलाय! शारजाच्या रात्री चौकात फटाके उडवणारी माणसं तुम्ही. अंगठा कसला देताय बे?

मिरपूरचं आधी मिटवून टाकू. १६ मार्च २०१२, आशिया कप, समोर बांगलादेश. सचिन ११४, चेंडू १४७. हेच त्याचं शंभरावं शतक. आपण २८९ केले आणि हरलो. हो, शंभरीजवळ आल्यावर तो लै हळू खेळला, मलाही बघवत नव्हतं. मान्य. झालं समाधान?

आता पुढचं ऐका. नव्व्याण्णवावं शतक नागपूरला झालं, मार्च २०११ मध्ये, वर्ल्ड कपात, आफ्रिकेविरुद्ध. त्यानंतर वर्षभर या देशानं त्या माणसाला श्वास घेऊ दिला नाही. ओव्हलला ९१ वर गेला, लोकांनी कपाळाला हात लावला. वानखेडेवर ९४ वर गेला, तर घरात कुणी गेल्यासारखी शांतता. मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो. आमचे मालक रोज गादीवर बसायच्या आधी विचारायचे, ‘आज होतंय का?’ अहो, आज मॅचच नाही! तरी विचारायचे. ते ओझं त्याच्या डोक्यावर कुणी ठेवलं? तुम्ही-आम्हीच ना? वर्षभर शंभर-शंभर म्हणून जप केला, आणि त्यानं तो आकडा आणून हातात ठेवला तर म्हणता स्वार्थी.

यावरून मला आमचा सत्याण्णव आठवला. खरं नाव सांगत नाही, पार्कवर त्याला सत्याण्णव म्हणूनच ओळखतात. जुन्या लोकांना किस्सा पाठ आहे, नव्यांसाठी सांगतो.

साल १९९८. शारजाची फायनल शुक्रवारी झाली, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याचे आधी १४३, मग एका दिवसाआड फायनलला १३४. सगळं सोलापूर हवेत होतं. त्यानंतरच्या रविवारी आमची स्पर्धा होती, लेदर बॉलची, पस्तीस ओव्हरची. एप्रिलचं सोलापुरी ऊन. पत्र्याच्या शेडखाली टेबल, टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तांब्या आणि स्कोअरबुकापाशी मी. मी कधी चांगला खेळलो नाही, पण स्कोअरर म्हणून माझं नाव होतं. बॉल बॉल लिहायचा, फलंदाजाची धाव त्याच्या ओळीत, अवांतर त्याच्या रकान्यात, आणि खाली छापलेले एकूण धावांचे आकडे एकेक करून खोडत जायचं. ओव्हर संपली की ताळा. आमचा हा ओपनर त्या दिवशी असा काही खेळत होता की मलाही खोडायला मजा येत होती. डोक्यात शारजा भिनलेलं, दुसरं काय.

आणि तेहतिसावी ओव्हर संपल्यावर आयोजक मैदानात आले. पाहुण्यांना पुढं दुसरा कार्यक्रम आहे, दोन ओव्हर कमी करा. दोन्ही डाव तेहतीसच. संपलं! पोरगा ९७ नाबाद.

कोण पाहुणे, कसले आयोजक, ते आता उकरत नाही. त्या पाहुण्यांना नंतर दोन तास सत्कारासाठी बसवून ठेवलं ही गोष्ट वेगळी.

तर हा पॅड न सोडता सरळ माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, ‘चौदाव्या ओव्हरमधले ते तीन लेगबाय माझ्या ग्लोव्हजला लागलेले.’ लेगबाय म्हणजे बॉल अंगाला लागून निघालेल्या धावा, त्या अवांतरात जातात; ग्लोव्हजला लागला तर फलंदाजाच्या नावावर. मी पान काढून दाखवलं. अंपायरनं गुडघा उचलून थोपटला होता, म्हणजे लेगबायची खूण, मी हात वर करून पोच दिली होती. त्याचा कॅप्टन मागून, ‘लिही की बे, कुणाच्या बापाचं काय जातंय?’ समोरच्या टीमचा कॅप्टनसुद्धा म्हणाला, ‘लिहा हो, आमची हरकत नाही, एकूण तेवढेच राहतात.’ मी म्हणालो, अंपायर येऊन बदला म्हणाला तर बदलतो. पोरगा काही बोलला नाही. घामानं ओलं बोट आपल्या ओळीवरून फिरवत त्यानं सगळ्या धावा पहिल्यापासून मोजल्या. सत्याण्णवच भरल्या. गेला.

मी तेव्हाही बरोबर होतो, आजही बरोबर आहे. अंपायरनं सांगितल्याशिवाय स्कोअररनं खडूचा डागही हलवायचा नसतो. पण माझा मुद्दा वेगळाच आहे.

ती मॅच त्याची टीम जिंकली. कप मिळाला. आज तो कप कुठं आहे, कुणाला माहीत नाही. समोर कोण होतं यावरून त्या अकरा जणांत अजून वाद होतात. पण सत्याण्णव? ते अख्ख्या पार्कला पाठ आहे. तो पोरगा आता गणवेश शिवायचा कारखाना चालवतो, हाताखाली बायका-माणसं आहेत, सून आली घरात, तरी लग्नाकार्यात माझी ओळख करून देतो ती ‘यांनी माझ्या तीन रन खाल्ल्या’ अशीच. टीम जिंकली की सगळं भरून पावतं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्यासमोर उभं राहून हे म्हणून दाखवावं.

त्याला शतक हवं होतं. त्यात काय पाप आहे? मुळात शंभर ही रेघ आपणच मारलेली. ९९ आणि १०० यांत धाव एकच, हे शहाणपण मला शिकवू नका. मी आयुष्यभर आकडेच लिहिलेत. सचिन २००७ साली एका वर्षात तीनदा ९९ वर बाद झाला. बेलफास्टला, ब्रिस्टलला आणि मोहालीला. त्या तीनपैकी एक तरी यादीत दिसते का? मग रेघ एवढी महत्त्वाची असेल तर ती ओलांडायला माणूस जपून पाऊल टाकणारच. तुम्ही प्रमोशनच्या वर्षी साहेबाशी भांडता का?

आणि हे ‘सचिननं शतक केलं की भारत हरतो’ म्हणायचं प्रकरण. १९९९ चेन्नई, पाठ फाटलेली, पाकिस्तानसमोर १३६. तो बाद झाला तेव्हा १७ हवे होते आणि तीन विकेट हातात. बाकीच्यांनी चार केले. चार! हैदराबाद, नोव्हेंबर २००९, ऑस्ट्रेलियाचे ३५० होते, यानं एकट्यानं १७५ मारले, आपण तीन धावांनी हरलो. ही दोन्ही शतकं त्या पोराच्या हिशेबात ‘हरलेली’. असल्या हिशेबाला आमच्या पेढीवर उभं केलं नसतं. २००८ ला चेन्नईतच, मुंबईवरचा हल्ला होऊन महिनाही झाला नव्हता, इंग्लंडविरुद्ध ३८७ चा पाठलाग करून नाबाद १०३ आणि विजय. हे त्या चित्रात का नाही? आणि १९९९ चा वर्ल्ड कप. वडील गेले, घरी येऊन परत गेला, केनियाविरुद्ध नाबाद १४० करून वर आभाळाकडं बघितलं. ते टीमसाठी होतं की स्वतःसाठी, सांग की बाळा.

जास्त मॅच खेळला म्हणून जास्त शतकं, असंही एकानं खाली लिहिलंय. हो, ६६४ सामने खेळला. आणि ब्रॅडमननं फक्त ५२ कसोटीत २९ केली, त्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार. पण ६६४ सामने कुणी बक्षीस म्हणून देत नाही हो. सतराव्या वर्षी मँचेस्टरला पहिलं शतक, अडतिसाव्या वर्षी शंभरावं. मधली सगळी वर्षं टीममध्ये राहणं ही काय रेशनची रांग आहे का, उभं राहिलं की नंबर येतो? उलट वन-डेतलं पहिलं शतक यायला त्याला १९९४ उजाडलं, ७९ वा सामना. आपल्या सुनीलरावांची, म्हणजे गावसकरांची, कसोटीत ३४, वन-डेत जन्मात एक, तेही ताप अंगात असताना नागपूरला. आकड्याच्या पोटात असं बरंच काही असतं. एका चित्रात बसत नाही.

विराटवर माझा राग आहे असं समजू नका. उलट. १५ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, सेमीफायनल, पन्नासावं वन-डे शतक. हेल्मेट काढून स्टँडमधल्या सचिनकडं बघून तो वाकला तेव्हा माझी बायको, जिला लेगबाय आणि बाय यातला फरक आजवर कळला नाही, ती पदराला डोळे पुसत होती. ज्याचा विक्रम मोडला तो टाळ्या वाजवतोय, ज्यानं मोडला तो वाकतोय. आणि तुम्ही इथं सोलापुरात बसून त्या दोघांची भांडणं लावताय! इंग्लंडच्या जो रूटचं बघा. कसोटीत शतकांची रास घातली, पण ऑस्ट्रेलियात एकही होत नव्हतं. ऑस्ट्रेलियाचाच हेडन म्हणाला, या दौऱ्यात याचं शतक झालं नाही तर मी मेलबर्नच्या मैदानावर नागडा फिरेन. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिस्बेनला रूटचं झालं आणि हेडनची अब्रू वाचली. जगभर लोक असं प्रेम करतात हो दुसऱ्याच्या शतकावर. आपल्यालाच तेवढं नासवायचं असतं.

लिहिता लिहिता थोडा थंड झालो होतो, पण ती यादी परत उघडली आणि पुन्हा भडकलो. त्यात एकही बाई नाही. ‘सर्वाधिक शतकं’ असं मोठ्या अक्षरांत मथळा, आणि बायका गायब. ऑस्ट्रेलियाच्या मेग लॅनिंगची १७. आणि २०२५ च्या वर्ल्ड कपात न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकून तिच्या शेजारी जाऊन बसली ती कोण? सांगलीची स्मृती मानधना. कसोटी, वन-डे, टी-ट्वेंटी, तिन्हीकडं शतक. त्याच वर्षी दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शंभर केले. आपल्या इथून गाडी धरली तर दुपारच्या जेवणाला सांगली गाठता येते, आणि आम्हाला संगकाराचे आकडे पाठ! बरं, सांगली सोडा. मिरे गावची किरण नवगिरे, आपल्याच जिल्ह्यातली. २०२२ मध्ये नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२. तोवर टी-ट्वेंटीत भारतातल्या पुरुषानंही दीडशे केले नव्हते. ग्रुपवर विचारलं, एकानं ओळखलं. एकानं!

आणि पॉली उम्रीगर? सोलापुरात जन्मलेला माणूस, १९२६ चा. कसोटीत १२ शतकं. आज १२ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण १९६२ ला तो थांबला तेव्हा भारताकडून सगळ्यात जास्त शतकं त्याचीच होती. कसोटीत द्विशतक करणारा पहिला भारतीय तोच. म्हणजे गावसकर येईपर्यंत ही यादी, भारतापुरती, आमच्या गावच्या माणसापासून सुरू होत होती. त्याच्या नावानं गावात काय आहे? असेल तर सांगा, मी जाऊन हार घालतो.

सत्याण्णवला मी एकदा निंबाळकरांची गोष्ट सांगितली होती. भाऊसाहेब निंबाळकर, महाराष्ट्राकडून पुण्यात काठियावाडविरुद्ध, १९४८. ४४३ नाबाद. ब्रॅडमनच्या ४५२ च्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला दहा धावांत मागं टाकलं असतं. जेवणाची सुट्टी झाली आणि समोरच्या कॅप्टननं सामनाच सोडून दिला. गाशा गुंडाळून गेले घरी. आणि निंबाळकरांना पुढं एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. मला वाटलं, हे ऐकून याचं जरा हलकं होईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्यांच्या स्कोअररनं किती लेगबाय लिहिलेले?’

आज ग्रुपवर त्या पोराच्या चित्राखाली सत्याण्णवनं काहीच लिहिलं नाही. वाचलं मात्र असणार. मी मात्र तिथं लिहून आलोय की ज्यानं कुठल्याही मैदानावर, कुठल्याही बॉलनं, एकदा तरी नव्वदीत पाय ठेवलाय त्यानंच स्वार्थी हा शब्द वापरावा. पोरानं उत्तर दिलं, ‘काका चिल.’ हेच ते. ‘काका चिल.’ पोरगा वाईट नाही, त्याच्या बापाला मी ओळखतो. बाप स्वतः ११ व्या नंबरवर यायचा.

बाकीचं भांडण कमेंटमध्ये करू. नळाला पाणी आलंय, आज सोडलं तर पुढची पाळी कधी येईल सांगता येत नाही. कुणी उम्रीगरांचा जुना फोटो असेल तर तेवढा टाकून ठेवा, ग्रुपचा डीपी बदलायचाय.