झाडावरच्या सापाला ‘नुसती उंच पेटी’ पुरत नाही

वडोदऱ्यातल्या रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या आपल्या मंडळींत सध्या एक संदेश फिरतोय: ‘झाडावरच्या सापाला फक्त उंच काचपेटी लागते, बागेतला हरणटोळही तीत पाळता येतो.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

हरणटोळ, म्हणजे झाडांवर राहणारा सडपातळ हिरवा साप, देशी वन्यजीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. शिवाय तो सौम्य विषारी असतो. दिसला तर हात लावू नका.

झाडावर राहणाऱ्या परदेशी ग्रीन ट्री पायथनची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. हा अजगर आडव्या फांदीवर वेटोळं घालून दिवस काढतो. त्यामुळे उंचीइतकीच लांबी-रुंदी हवी. फांद्या त्याच्या अंगाएवढ्या जाड, आडव्या आणि घट्ट बसवलेल्या हव्यात. पेटीत एका बाजूला तापमान सुमारे ३० अंश सेल्सिअस हवं, दुसरीकडे २५. अरुंद पेटीत गरम हवा वर साचते आणि वर बसलेल्या जनावराला गारवा शोधायला जागाच उरत नाही. माझा जीव तिथेच तुटतो. ऊब देणारा दिवा पेटीच्या जाळीबाहेर ठेवा, नाहीतर साप भाजतो. पाणी फवारा, पण मधे पेटी सुकू द्या. हवा खेळती ठेवा. वडोदऱ्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दिव्याआधी खोली थंड ठेवायची सोय करा.