पाईनच्या फळ्यांविषयीच्या आपल्या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

महोदय,

आमच्याकडून मापाने कापून नेलेल्या पाईनच्या फळ्या निकृष्ट निघाल्या, त्यांवर स्टेनचे, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचे, डाग पडले आणि एकूण व्यवहार म्हणजे फसवणूक होती, असे लिहून आपण आमच्या दुकानाला एक तारा दिला आहे. घरच्या घरी पुस्तकांचे कपाट करण्याच्या आपल्या हौसेवर असे पाणी पडले याचे आम्हाला वाईट वाटते आणि झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र ‘निकृष्ट’ हा शब्द आमच्या जिव्हारी लागला आहे. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये आमच्यासारख्या लहान दुकानाकडे नवे गिऱ्हाईक जुन्याच्या सांगण्यावरून येते, आणि आता येणारे लोक फळीला हात लावण्याआधी आपल्या अभिप्रायाविषयी विचारू लागले आहेत.

पाईनमध्ये मऊ आणि कठीण पट्टे एकाआड एक असतात. मऊ पट्टा स्टेन भराभर पितो, कठीण पट्टा फारसा घेत नाही. त्यामुळे कोऱ्या फळीवर फिकट दिसणारा पट्टाच रंग लागल्यावर सर्वांत गडद होतो. हा त्या लाकडाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. म्हणूनच स्टेनच्या आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा (लाखेचा) एक पातळ हात द्यावा, तो वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवावा आणि स्टेन लावल्यावर पाच-दहा मिनिटांत वर राहिलेला रंग कापडाने रेषांच्या दिशेने पुसून काढावा, असे आपल्याला काउंटरवर सविस्तर सांगितले होते. हुबेहूब सागवानी रंग हवा असेल तर सागवानच घ्यावे, असेही सुचवले होते; ते परवडत नाही, हे आपले म्हणणे आम्हाला तेव्हाही रास्त वाटले होते.

आपण टाकलेले फोटो आम्ही मोठे करून पाहिले. वरच्या फळीच्या कडेला रंगाचे ओघळ जागच्या जागी वाळले आहेत आणि मधल्या कप्प्यावर बोटांचे ठसे उमटले आहेत. रंग पुसायचा राहून गेला की तो वरच्या वर चिकट राहतो आणि असेच होते. त्यातून स्टेनचे दोन्ही हात एकाच संध्याकाळी उरकल्याचे आपणच लिहिले आहे. जुलैच्या दमट हवेत पहिला हात दुसऱ्या दिवशी तरी सुकेल याची खात्री आमचे मिस्त्रीही देत नाहीत. रंगाची परीक्षा करण्यासाठी आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच फळीचा उरलेला तुकडा बरोबर देतो. आपला तुकडा ‘हा माझ्या काय कामाचा’ असे म्हणून आपण काउंटरवरच ठेवून गेलात, आणि तो अजून आमच्याकडे आहे. (फोटोत बादलीत स्टेनच्या चिंध्यांचा बोळा दिसतो. तेलाच्या स्टेनच्या चिंध्या अशा कोंडून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. कृपया त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.)

तयार कपाट निम्म्या किमतीत मिळते हे आपले म्हणणे खरे आहे, परंतु ते बहुतेक वेळा भुशाच्या बोर्डाचे असते आणि त्याची तुलना भरीव लाकडाशी करणे योग्य नाही.

स्टेनच्या डब्यावरील सूचना केवळ इंग्रजीत असतात, या आपल्या तक्रारीची आम्ही नोंद घेतली असून मराठी पत्रक देण्याचा विचार चालू आहे. आपण फळ्या दुकानात आणल्यास आमचे मिस्त्री त्या घासून, चपड्याचा हात देऊन नव्याने रंगवून देतील. मजुरी घेणार नाही, नव्या डब्याचे पैसे मात्र द्यावे लागतील. येताना कपाट सोडवून स्क्रू वेगळे आणावेत आणि पाऊस असल्यास फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळाव्यात. त्यानंतर आपल्याला योग्य वाटल्यास अभिप्रायातील ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती. दुकान सोमवारी बंद असते.